उजवीकडचा दरवाजा

व्लास्तिमिल कुबेशने आयुष्यात एकच खोटी रेघ मारली, आणि नेमकी तीच छापून आली.

एरवी माणूस इतका सरळ, की त्याच्याबरोबर पत्ते खेळण्यात कुणाला मजा येत नसे. हातात चांगली पानं आली की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मोरावियातल्या एका लहान गावात, साखर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्याने छत्तीस वर्षं काढली. टाक्या, पाइप, जिने, जिन्यांचे कठडे. कारखान्यातल्या कुठल्याही पायरीवर पाय ठेवा, ती आधी व्लास्ताच्या कागदावर उमटलेली असणार. घरी आला की हात धुऊन तो प्लास्टिकची विमानं करायला बसे. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याची, तळहातावर मावतील अशी. तीनशेच्या वर विमानं त्याने केली. त्याची बायको ड्राहा आल्यागेल्याला सांगायची, "आमच्याकडची विमानं उडत नाहीत. पण मी धूळ पुसायला घेतली की पडतात मात्र अगदी खऱ्यासारखी!"

या तीनशेत एक विमान नव्हतं आणि ते का नाही, हे लोकांना कोडंच होतं. कारण त्याच विमानाने व्लास्ताचं नाव केलं होतं. त्या विमानाला गावात 'वोसा' म्हणत, म्हणजे गांधीलमाशी. गावाबाहेरच्या धावपट्टीलगतच्या वर्कशॉपात १९४८ साली हे प्रयोगाचं विमान तयार झालं. एकच नग. इतर विमानांची शेपटी असते तिथे हिचं इंजिन, आणि शेपटीचे छोटे पंख पुढे नाकाशी. अकरा वेळा उडाली. मग वरून हुकूम आला आणि तिचे तुकडे करून भंगारात घातले, नकाशेही जाळले. उरले ते सात फोटो, आणि सातही डाव्या बाजूचे. वोसा कायम उजवी कूस शेडच्या भिंतीला लावून उभी असायची ना!

१९७९ साली एका मासिकाने पंचवीस वर्षांच्या व्लास्ताला वोसाचं ड्रॉइंग करायला सांगितलं. देशभरचे मॉडेल करणारे त्या ड्रॉइंगची चातकासारखी वाट बघत होते. व्लास्ताने भिंग लावून सातही फोटो तपासले, चाकाच्या मापावरून पंखाचं माप काढलं, पंखावरून अंगाचं. डावी बाजू अशी उतरली, की एक रिव्हेट इकडचा तिकडे नाही. मग उजवी बाजू आली.

आता या धंद्याचा एक जुना रिवाज आहे. जे दिसलं ते ठळक रेघेत काढायचं. जे दिसलं नाही, नुसतं अंदाजानं ठरवलं, ते तुटक रेघेत. तुटक रेघ बघितली की समोरचा समजतो, इथे या माणसाला ठाऊक नाही. त्यात कमीपणा नसतो. पण अर्धं विमान तुटक रेघांचं केलं तर ते गोधडीसारखं दिसणार, संपादक परत पाठवणार, आणि शुक्रवारी तर कागद टपालात पडायला हवा. व्लास्ताने विचार केला, वैमानिकाची पिशवी आत कुठून तरी जात असणारच. डावीकडे दार नाही, म्हणजे उजवीकडे असेल. त्याने पंखामागे एक छोटा दरवाजा काढला. दोन बिजागऱ्या, एक कडी. ठळक रेघेत. कागदावर अंगठ्याच्या नखाएवढी जागा. हात जरासुद्धा कापला नाही, हे त्याला पुढे जन्मभर आठवत राहिलं.

मासिक आलं आणि व्लास्ता एका दिवसात मोठा झाला. पत्रं आली, आणि प्रत्येक पत्रात त्याच दरवाजाची तारीफ. "उजव्या बाजूचा फोटो कुठे मिळवलात हो?" लोक विचारत. व्लास्ता नुसता हसे. लोकांना वाटे, गडी आपलं घबाड दाखवत नाही. पुढे वोसाचे किट निघाले, त्यात दरवाजा. एका जाडजूड पुस्तकात ती आली, दरवाजासकट. एका संग्रहालयात काचेच्या पेटीत तिची प्रतिकृती ठेवली, तिला तर पितळी बिजागऱ्या! काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती अशी पडते.

एवढ्यावर थांबलं असतं तर म्हातारपणी सांगायला एक गमतीची गोष्ट झाली असती. पण १९८१ साल आलं.

त्या वर्षी जिल्ह्याची स्पर्धा गावच्या व्यायामशाळेत होती. मॉडेलशेजारी फोटो-कागदपत्रांची फाइल ठेवायची, परीक्षकांनी ताडून बघायचं आणि जिथे फरक तिथे गुण कापायचे, असा नियम. व्लास्ता तीन परीक्षकांतला एक. त्याचा शाळासोबती आलोइस पेशेक याने वोसा आणली होती. दोन वर्षं खपून केलेली, सगळी हाताने. तिची उजवी बाजू मात्र कोरी होती.

"आलोइस, दरवाजा कुठाय?" व्लास्ताने विचारलं.

"नाहीये."

"विसरलास होय?"

"विसरतोय कशाला? विमानालाच नव्हता. त्या बाजूचा पत्रा आमच्या बाबांनी बसवलाय. हे काय उभे आहेत, विचार त्यांना."

आलोइसचे वडील मेतोदेय पेशेक चर्चला जायचा कोट घालून आले होते, टोपी हातात. ऐन उमेदीत ते वर्कशॉपात रिव्हेट मारायचे. ते दोन पावलं पुढे झाले. "त्याचं असंय, कुबेशसाहेब," मुलाच्या सोबत्याला ते साहेब म्हणाले, "इंजिनापासून पंखापर्यंत सलग पत्रा होता. दार असतं तर चौकट मलाच बसवायला लागली असती. ते मी कसा विसरीन?"

तेव्हा बोलता आलं असतं. 'पेशेककाका, तुमचं बरोबर आहे, मी अंदाजाने काढलं,' इतकंच. पण टेबलावर मासिक उघडं होतं, पानाच्या तळाशी व्लास्ताचं नाव होतं, आणि भोवती तीस-चाळीस माणसं कान टवकारून उभी होती.

"फोटो आहे का काका? एखादा कागद?"

"नाही बुवा. कागद तर सगळे जाळले."

"मग कसं करायचं?" व्लास्ता म्हणाला, आणि लोकांकडे बघून पुढे म्हणाला, "आलोइस, बापाला फाइलला लावता येत नाही रे!"

सगळे हसले. म्हातारबुवाही हसले, थोडे उशिरा, चारचौघांत हसावं लागतं म्हणून. मग त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, आपण अजून आत आहोत हे ध्यानात आलं, तशी परत काढली. आलोइसच्या वोसाला अचूकपणाचे गुण शून्य मिळाले. तो पुन्हा कधी स्पर्धेत आला नाही. पुढच्या हिवाळ्यात मेतोदेय पेशेक वारले. व्लास्ता मातीला गेला, पण फाटकाजवळच उभा राहिला आणि तिथूनच परतला.

नियतीला थट्टा करायची हौस असते. काही वर्षांनी आलोइसला व्यायामशाळेच्या देखभालीचं काम मिळालं. नोव्हेंबरात तिथे मॉडेलचं प्रदर्शन भरलं, की मागच्या स्वयंपाकघरात आलोइस वजडीचं सूप करणार आणि खिडकीतून विकणार, हे ठरून गेलं. पंचक्रोशीतले लोक विमानं बघायच्या निमित्ताने ते सूप प्यायला यायचे.

"या, प्लास्टिकवाले, या!" व्लास्ता रांगेत दिसला की आलोइस ओरडायचा. "वरचं पाणी तुला नको, थांब." आणि पळी पार तळाशी घालून वजडीच्या तुकड्यांनी भरलेला वाडगा त्याच्यापुढे ठेवायचा, वर पावाची जाड फोड.

चोराच्या मनात चांदणं. व्लास्ताला वाटायचं, हा मुद्दाम करतो. गोड बोलून छळतो आपल्याला. तरी दरवर्षी तो वाडगा शेवटच्या घोटापर्यंत संपवायचा. बेचाळीस वर्षांत दोघांत वोसाचं नाव एकदाही निघालं नाही.

मग पन्नासावं प्रदर्शन आलं. क्लबाने ठरवलं, कुबेशकाकांचा सन्मान करायचा आणि त्यांनी त्या दिवशी वोसा मांडायची. एकोणसत्तराव्या वर्षी कुठलं कारण सांगणार? मांडतो म्हणाला.

डावी बाजू दोन महिन्यांत झाली. प्लास्टिकचा पत्रा गरम करून साच्यावर ओढला, पुट्टी भरली, काचपेपरने घासली, सुईने जोडांच्या रेघा कोरल्या. मग विमान उलटं वळवलं. दरवाजाच्या जागी त्याने पातं टेकवलं आणि हात तिथेच थांबला. टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. आठवडाभर हेच. शेवटी एका दुपारी त्याने पातं डब्यात टाकलं आणि उजवी बाजू कोरी ठेवून रंगवली. मग एक कागद घेऊन सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वोसाच्या उजव्या बाजूचा दरवाजा हा माझा अंदाज होता. १९७९ साली तो नजरचुकीने ठळक रेघेत काढला गेला. प्रत्यक्षात असा दरवाजा नव्हता. – व्ल. कुबेश.'

ड्राहाने चष्मा लावून वाचलं. "नजरचुकीने?" ती म्हणाली. "अरे, तुझी नजर चुकते होय? पावाच्या पिठात पडलेला केससुद्धा तुला पलीकडच्या खोलीतून दिसतो."

"लिहायची पद्धत असते तशी."

"मग हात दाखवून अवलक्षण कशाला? सांगायचं तर सगळं सांग. नाहीतर सन्मान घे, हार घालून घे आणि गप घरी ये."

व्लास्ताने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. सगळं म्हणजे काय, हे ड्राहाला माहीत नव्हतं, पण बायकांना न सांगताही वास येतो.

प्रदर्शनाच्या दिवशी त्याने वोसा आरशावर मांडली, म्हणजे पोटही दिसतं. कागद काही फाइलला लावला नाही. आधी बघू कुणाच्या ध्यानात येतं का, असं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय काय सांगतो! दहाच्या सुमाराला मुख्य परीक्षक राडाना आली. दातांच्या कवळ्या करणारी बाई, तिच्या डोळ्यातून काही सुटत नाही. तिने छोट्या बॅटरीचा उजेड पाडून डावी बाजू बघितली आणि नुसती मान हलवत राहिली. मग वळसा घालून उजवीकडे गेली.

"काका," ती हळूच म्हणाली, "दरवाजा राहिला."

"राहिला नाही. नव्हताच." आणि व्लास्ताने खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला.

तिने वाचला, दुसऱ्या परीक्षकाला दिला, त्याने तिसऱ्याला. चौथा माणूस वाचायच्या आत हशा पिकला होता. "काकांनी आपली परीक्षा घेतलीन!" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "अहो, दरवाजा पुस्तकात आहे, संग्रहालयात आहे."

"तिथे माझ्याच ड्रॉइंगवरून गेला."

"असू दे हो काका. या वयात होतं असं. आमचे सासरे परवा आपलं लग्नच झालं नाही म्हणत होते."

राडाना मात्र हसली नाही. "काका, मी तुमचा शब्द मानीन. पण गुण देताना मला कागद लागतो. तुमचं छापील ड्रॉइंग एकीकडे आणि हे चार ओळींचं पत्र दुसरीकडे. अचूकपणाचे गुण कापावे लागतील."

"काप की," व्लास्ता म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. भर सभेत सांगितलं, वर शिक्षाही झाली. इतक्या स्वस्तात सुटलो, असं वाटून त्याचे खांदे हलके झाले, आणि त्याच भरात तो कागद परत मागून घेऊन स्वयंपाकघराकडे निघाला. आता आलोइसला दाखवू आणि एकदाचे मोकळे होऊ.

आलोइस कांदा चिरत होता. डोळ्यांतून पाणी. "या, सन्माननीय!" तो म्हणाला. "अजून शिजायचंय. वासावर आलास काय?"

"हे वाच."

आलोइसने हात पुसले, कागद लांब धरून वाचला. दोनदा वाचला. मग पातेल्याखालचा गॅस बारीक केला आणि स्टुलावर बसला.

"म्हणजे नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता. तुझे बाबा बरोबर होते. आत्ताच बाहेर सगळ्यांपुढे सांगून आलो."

"हं." आलोइसने कागदाची घडी घातली. "तुला सांगतो व्लास्ता, बाबांना ते फार लागलं. महिन्याभराने म्हणाले, आलोइस, मी दुसऱ्या कुठल्या विमानात गल्लत करत असेन. एवढं शिकलेलं पोर, छापून आलंय, उगाच काढेल का? मग त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. घराची किल्ली कुठे ठेवली, माझ्या आईचं जन्मसाल कोणतं, सगळं मला विचारून घ्यायचे. रिव्हेट मारायची ती बोटं टेबलावर मोजत बसायचे, इथपासून इथपर्यंत पत्रा, मग चौकट. शेवटी एके दिवशी म्हणाले, आपल्या वोसाला दरवाजा काप. माझं चुकलंय तर ते तसं नको राहायला."

"मग?" व्लास्ताने विचारलं.

"कापला की. ते शेजारी बसून सांगत होते, मी कापत होतो. अजून आहे घरी, कपाटावर."

खिडकीबाहेर कुणीतरी काचेवर टकटक केलं. "आलोइसराव, सूप कधी?"

"अर्धा तास!" तो ओरडला आणि पुन्हा व्लास्ताकडे वळला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच फार वाईट होतं. "जाऊ दे. नजरचूक झाली, कुणाच्याही हातून होते. एवढं लिहिलंस, सगळ्यांपुढे सांगितलंस, खूप झालं. एकच विचारतो. त्या दिवशी, बाबा समोर उभे होते तेव्हा... तुला तेव्हा ठाऊक नव्हतं ना?"

प्रश्न त्याने सहज विचारला, उत्तर ठाऊक असल्यासारखा. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. आलोइसला तेच ऐकायचं होतं. व्लास्ताच्या मनात ते 'नाही' तयारच होतं, बेचाळीस वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. या माणसाला आणखी एकदा फसवायचं, तेही त्याच्या बापाच्या नावाने, आणि वर त्याच्याच हातचं सूप प्यायचं? त्याला स्वतःची किळस आली.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "काका बोलले तेव्हाच कळलं की ते खरं सांगतायत. मला लाज वाटली म्हणून मी ते बोललो."

आलोइस उठला. पातेल्याचं झाकण काढलं, ढवळलं, झाकण परत ठेवलं. पाठमोराच उभा राहिला.

"बाबा काही लगेच नव्हते वाकले," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "महिनाभर भांडत होते. पत्रा सलगच होता म्हणायचे. रात्र-रात्र झोपायचे नाहीत. मला बघवेना. मग मीच त्यांना म्हटलं, बाबा, व्लास्ताला मी लहानपणापासून ओळखतो, पत्त्यांतसुद्धा लबाडी जमत नाही त्याला. त्याने बघितलं असल्याशिवाय तो बोलणार नाही."

व्लास्ता काही बोलणार, तेवढ्यात आलोइसने हात वर केला.

"तुझं नाही ऐकलं रे त्यांनी. माझं ऐकलं."

बाहेर रांग लागली होती. आलोइसने वाडगे मांडले, खिडकी उघडली आणि पहिल्या माणसाला विचारलं, पाव एक की दोन. व्लास्ता त्या अरुंद स्वयंपाकघरात, दाराला पाठ लावून उभाच राहिला. आलोइसने त्याला जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही.